पेंटरकाकांनी धरून ठेवलेलं नाव

आमच्या ऑफिसात पेंटरकाका कामाला आले तेव्हा त्यांना माऊस हातात कसा धरायचा हेही ठाऊक नव्हतं. त्याआधी तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शिडीवर चढायचं, डाव्या हातात मनगट टेकवायची काठी, उजव्या हातात ब्रश, आणि खाली उभा राहून दुकानदार सांगणार, "अजून जरा मोठं, अजून मोठं." मग मशीनवर छापलेले बोर्ड आले आणि काकांची शिडी घराच्या मागच्या भिंतीला लागली ती लागलीच.

आमचे मालक पूर्वी व्हिजिटिंग कार्डं छापायचे, नंतर छोट्या दुकानदारांना वेबसाइट करून द्यायला लागले. त्यांनी जुन्या ओळखीखातर काकांना बोलावून घेतलं. म्हणाले, "दुकानाला नाव कसं हवं हे तुमच्याइतकं कोणाला कळतं? इथं खुर्चीवर बसा आणि लोकांना वेबसाइटची नावं नोंदवून द्या. पडायची तरी भीती नाही."

मी तिथे डिझाइनचं काम करत होते. आमची टेबलं शेजारी शेजारी, मध्ये एक प्रिंटर, तो वर्षातले सहा महिने बिघडलेला. पहिल्याच दिवशी काका मला म्हणाले, "आयुष्यभर पाट्या रंगवल्या गं, पण पाट्या टाकल्या नाहीत कधी. तेव्हा नीट शिकव." हा विनोद पुढे मी किमान शंभरदा ऐकला. प्रत्येक नव्या माणसाला ते ऐकवायचे आणि आधी स्वतःच हसायचे.

शिकले मात्र झपाट्यानं. माझ्याकडून थोडं आणि घरी मुलीकडून बरंच. वर्षभरात ते नावांच्या कामात इतके तरबेज झाले की लोक मालकांना सोडून थेट त्यांच्या टेबलापाशी यायचे. यायचे ते बहुतेक चिडलेलेच. हवं ते नाव काकांनी टाइप केलं की स्क्रीनवर लाल अक्षरं उमटायची: घेतलेलं आहे. मग तीच जुनी वादावादी सुरू.

केक करून विकणाऱ्या एक बाई आल्या होत्या, त्यांचं मला अजून आठवतं. टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "अहो, मी स्वतः उघडून बघितलंय ते. आत काहीच नाही. कोरं पान! मग घेतलंय म्हणजे काय?"

"बाई, बाजारात एखादा गाळा बंद दिसतो," काका म्हणाले. "शटर खाली, आत काही नाही. म्हणून तुम्ही कुलूप तोडून आत भट्टी लावाल का? कोणीतरी भाडं भरतंय त्याचं."

"पण का भरतंय? वापरत तर नाही!"

यावर काका खुर्चीत मागे रेलून समजावून सांगत. काही लोकांचा तो धंदाच असतो. चांगली नावं दिसली की घेऊन ठेवायची आणि गरजू आला की तोंडाला येईल तो भाव सांगायचा. कधी पान कोरं दिसतं पण त्या नावावर ऑफिसची पत्रं येत-जात असतात, म्हणजे शटर खाली आणि मागच्या दारानं कारभार चालू. मोठ्या कंपन्या तर आपल्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगसुद्धा घेऊन ठेवतात, दुसऱ्या कोणी तिथं बसू नये म्हणून. आणि मुळात नाव कोणाचंच कायमचं नसतं. वर्षाच्या बोलीनं मिळतं. मुदत संपली की थोडे दिवस सवलत असते, त्यातही चुकलं की नाव सुटतं. सुटलं तरी ते रस्त्यावर पडून राहत नाही. सुटायच्या क्षणाकडे डोळे लावून लोकांची यंत्रं बसलेली असतात. पापणी लवायच्या आत उचलतात.

म्हणून आपल्या गिऱ्हाइकांच्या मुदती काका डोळ्यात तेल घालून सांभाळत. महिनाभर आधीपासून फोन करत. एखादा आळशी निघाला तर त्याच्या दुकानात जाऊन उभे राहत.

"आणि काही नावं अशी असतात," हे मात्र ते अगदी शेवटी सांगायचे, तेही कोणी फारच खनपटीला बसलं तर, "की माणूस हौसेनं घेतो आणि मग त्याच्याच्यानं होत नाही. सोडवतही नाही."

असं एक नाव त्यांच्याकडे होतं. ते कसं आलं, ते सांगायला हवं.

काकांना एकच मुलगी. कपडे शिवायची. शिवताना बोलायची आणि बोलताना ओठांत चार-चार टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून काका तिला टाचणीच म्हणत. एका वर्षी काकूंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. सगळ्यात त्रास व्हायचा तो सकाळी कपडे घालताना. लुळा हात बाहीत सरकवायला काका आणि टाचणी दोघंही लागत आणि काकू रडत. दुखतंय का, म्हणून विचारलं की 'नाही' म्हणून मान हलवत. नवऱ्यानं आपल्याला लहान मुलासारखं कपडे घालावेत याचंच त्यांना रडू यायचं.

असं तीन वर्षं चाललं. मग टाचणीनं एक जुना सदरा घेतला आणि त्याची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवून टाकली. कडेला मोठी टिचबटणं लावली, पुढच्या बाजूला वेल्क्रोची पट्टी. आता हात बाहीत घालायचाच नव्हता. हात मांडीवर ठेवायचा आणि बाही त्याच्यावर मिटायची. काकूंनी तो सदरा आरशासमोर बसून एका हातानं घातला. मग काढला, परत घातला. काका दारात उभे होते. त्यांना म्हणाल्या, "अहो, जरा बाहेर व्हा, मी कपडे बदलतेय." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना असं म्हणता आलं होतं.

"या बाहीला नाव काय द्यायचं?" काकांनी विचारलं.

"सोपी बाही," टाचणी म्हणाली, टाचण्या न काढता.

पुढे तिनं असे बरेच सदरे आणि झगे शिवले. पिशवीत घालून कुठल्याशा हॉस्पिटलच्या वॉर्डात नेऊन द्यायची. कोणाला कसा बसतो ते बघायची, मापं घेऊन यायची, खाकी कागदावर आखलेले नमुने तिथल्या बायकांना देऊन यायची. ज्यांना दुकानातले कपडे चढत नाहीत त्या सगळ्यांसाठी वेबसाइट काढायची, असं तिच्या डोक्यात आलं. एका सुट्टीच्या दिवशी बाप-लेक ऑफिसात आले, मीही आले. काकांनी नाव टाइप केलं. हिरवी अक्षरं आली. मोकळं आहे. टाचणीनं एवढ्या जोरात टाळी वाजवली की खालचा वॉचमन वर बघायला आला.

पान सजवायला तिला वेळ हवा होता. फोटो काढायचे होते, मापं कशी घ्यायची ते लिहायचं होतं. तोवर म्हणून आम्ही एकच पान लावलं. काकांनी किती तरी वर्षांनी ब्रश हातात घेतला आणि कागदावर "सोपी बाही" अशी अक्षरं काढली, पूर्वी पाटीवर काढत तशी, खाली सावली टाकून. ती मी स्कॅन करून पानावर चढवली. खाली टाचणीनं स्वतः एक शब्द टाइप केला: लवकरच. त्याच्या खाली पत्रासाठी ई-मेलचा पत्ता.

दोन महिन्यांनी तिला ताप यायला लागला. रक्ताचा आजार निघाला. आठ महिने ती आजारी होती. पहिले काही महिने अंथरुणात बसून ती खाकी कागदावर बाह्यांचे नमुने आखायची, मग तेही होईना. सव्विसाव्या वर्षी गेली.

काका पाचव्या दिवशी कामावर आले. मालक म्हणाले, "अहो, घरी राहा अजून." काका म्हणाले, "बेकरीवाल्यांची मुदत संपतेय उद्या." आणि फोन लावायला बसले.

त्यानंतर दरवर्षी मुलीच्या नावाची मुदत आली की ते ती वाढवत. मी शेजारी बसलेली असायचे. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. अशी सहा वर्षं गेली.

मग एके दिवशी दुपारी पन्नाशीच्या एक उंच बाई आल्या. गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, केस घट्ट मागे बांधलेले. थेट काकांच्या समोर बसल्या. म्हणाल्या, "मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट व्यायामवाल्या बाई म्हणतात, तुम्हीही म्हणा. मला वेबसाइटचं नाव हवंय."

"कुठलं?"

"सोपी बाही. सलग लिहायचं, मध्ये जागा नाही."

मी काम सोडून वळले. काकांनी ते नाव एकेक अक्षर करून टाइप केलं. लाल अक्षरं आली. ती येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी आम्ही स्क्रीनकडे बघत राहिलो.

"घेतलेलं आहे," काका म्हणाले.

"ते मला माहीत आहे हो. म्हणून तर आले. आमच्या वॉर्डात बायका एका हाताच्या माणसांसाठी कपडे शिवतात. सगळे त्याला सोपी बाहीच म्हणतात, पहिल्यापासून. आणि इथं कोणीतरी 'लवकरच' असं लिहून वर्षानुवर्षं बसून आहे! कोण आहे हा माणूस?"

"सांगता येत नाही. नियम आहे."

नियम खरा होता. काकांनी तो शेकडो लोकांना सांगितला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला तो खोटा वाटला.

"मग माझा निरोप तरी पोचवा. चार पत्रं पाठवली मी त्या पानावरच्या पत्त्यावर. उत्तर नाही. म्हणजे धंदेवाईकच असणार. अशा माणसांना झोप तरी कशी लागते?"

"लागत नसेल," काका म्हणाले.

ते उठले आणि पाणी प्यायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. बाई माझ्याकडे वळल्या. "दुसरं काही सुचवता का तुम्ही?" मी त्यांना सांगायला हवं होतं. पण ते माझं नव्हतंच सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. आम्ही अर्धा तास नावं शोधत बसलो. शेवटी "एका हातानं" हे नाव मोकळं मिळालं आणि मी ते त्यांना नोंदवून दिलं. जाताना त्यांनी माझे आभार मानले, ते मला चटका लावून गेले.

त्यानंतर तीन दिवस काका गिऱ्हाइकांच्या मुदतींच्या याद्याच काढत बसले. चौथ्या दिवशी त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली.

"टाचणीच्या पत्त्याची ती पत्रांची पेटी आहे ना, ती उघडून दे."

"तुम्ही कधीच उघडली नाही?"

"आत तिचं काही असेल असं वाटायचं. आणि नसेल असंही वाटायचं."

उघडली. तिचं काहीच नव्हतं. थरावर थर सहा वर्षांचा कचरा साठला होता, जाहिराती, वेबसाइट बनवून देतो म्हणणारे. त्यांच्यामध्ये व्यायामवाल्या बाईंची चार पत्रं. पहिलं दोन वर्षांपूर्वीचं. मी वाचायला लागले तर काका म्हणाले, "मोठ्यानं वाच."

बाईंनी लिहिलं होतं: "हे पान कोणाचं ते मला माहीत नाही. आमच्या वॉर्डात एक मुलगी कपडे घेऊन यायची. आम्ही तिला बाहीवालीच म्हणायचो, नाव विचारायचं राहूनच गेलं. तोंडात टाचण्या धरून बोलायची. तिच्याकडूनच आम्ही हा शब्द घेतला. माझा जुना फोन हरवला, त्यात तिचा नंबर गेला. तू तीच असशील तर अगं, एक फोन कर. आम्ही इथं तुझेच नमुने वापरतोय. एकदा येऊन बघून जा, आणि चुकत असेल तर रागव."

दुसरं पत्र त्याहून लहान होतं. तिसऱ्यात "तू" जाऊन "आपण" आलं होतं. चौथ्यात, नाव अडवून ठेवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, एवढंच.

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. खूप वेळ पुसत होते. मग म्हणाले, "तिला बोलावत होते गं. आणि मी दार लावून बसलो होतो."

मला वाटलं, आता ते दुसऱ्या दिवशी उठून जातील. गेले नाहीत. महिना झाला, दीड महिना झाला. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी कुठल्या तरी गिऱ्हाइकाला फोन लावला. तोवर बाईंच्या नव्या नावाची पानं मी सजवून दिली. फोटोंत निरनिराळी माणसं ते सदरे घालून बसली होती. काका माझ्या स्क्रीनकडे बघायचं टाळायचे.

मग टाचणीच्या नावाची मुदत आली. दरवर्षीसारखी सूचना आली, चालू ठेवायचं का? काका त्या प्रश्नासमोर बसून राहिले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेवटी त्यांनी मुदत वाढवली, उठले आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्याच्यानं व्हायचं नाही."

वॉर्डाच्या टोकाला एक लांबट खोली होती. दोन शिलाई मशीन, मध्ये कापायचं मोठं टेबल, खिडकीत चिंध्यांची टोपली. तीन बायका काम करत होत्या आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ बटणांचे डबे लावत होते. भिंतीवर खिळ्याला खाकी कागदाचे नमुने टांगलेले. काका दारातून थेट त्या भिंतीकडेच गेले. कागद चोळामोळा झालेले, कडा चिकटपट्टीनं जोडलेल्या. त्यांवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: इथं कापू नका. इथं दोन बोटं सोडा. म्हाताऱ्या माणसाला अजून अर्धं बोट.

काका ते वाचत होते. बोट अक्षरांखालून फिरवत होते, पण कागदाला लावत नव्हते.

व्यायामवाल्या बाई आल्या. "तुम्ही? ते नावं देणारे ना? तो माणूस सापडला की काय?"

"सापडला," काका म्हणाले. "मीच तो. ते नाव माझ्याकडे आहे."

बाईंचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे त्या दिवशी माझ्यासमोर बसून..."

"हो. समोर बसून." काकांनी भिंतीकडे हात केला. "हे अक्षर माझ्या मुलीचं आहे. तुमची बाहीवाली."

क्षणभर बाई हसल्या. अगदी खुलून. "तुमची मुलगी? अहो, मग कुठं असते ती? किती शोधलं मी तिला!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. ते मला सांगावं लागलं. मी म्हटलं, "सहा वर्षं झाली. आजारी होती."

एक मशीन चालू होतं, ते थांबलं. बाई टेबलाच्या कडेवरच टेकल्या.  मग म्हणाल्या, "मी तिच्यावर रागावले होते हो. न सांगता यायची बंद झाली म्हणून. लग्नबिग्न करून गेली असेल, विसरली असेल आम्हाला, असं सगळ्यांना म्हणत होते." त्यांनी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "शेवटी ती कोणत्या हॉस्पिटलात होती?"

काकांनी सांगितलं. तिथून चालत दहा मिनिटांवर.

"मी रोज त्याच्यावरून जाते," बाई म्हणाल्या.

मग काका म्हणाले, "नाव घ्या. त्यासाठीच आलोय. मला त्याचं काही नको."

बाईंनी एक सदरा उचलून त्याची कॉलर उलटी केली. आत छोटी पट्टी शिवलेली होती: एका हातानं. "आता कसं घेऊ? सगळ्यांवर हीच पट्टी लागली. लोकांनाही तेच पाठ झालंय. दीड महिना आधी..." त्या मध्येच थांबल्या. काकांनी मान खाली घातली होती.

"एक करता येईल का?" सदऱ्याची घडी घालत त्या म्हणाल्या. "जुनी माणसं अजून सोपी बाहीच शोधतात. ते नाव उघडलं की आमचं पान उघडेल, असं होतं का काही?"

"होतं," काका म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

ते काम त्यांनी त्याच संध्याकाळी केलं. मी म्हटलं, मी करते, तर नको म्हणाले. जुन्या पानाची एक प्रत मी काढून ठेवली आणि जाड कागदावर छापून त्यांच्या हातात दिली. प्रिंटर त्या दिवशी कसा कोण जाणे चालला. काकांनी दोनदा बटण दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग ते नाव उघडून बघितलं. "एका हातानं" आलं, फोटोंसकट. "झालं," असं म्हणून त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि घरी गेले.

हे आपण एक चांगलं काम केलं, असं मला वाटत होतं. त्यांनाही वाटत असावं, कारण जाताना त्यांचे खांदे जरा मोकळे दिसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते आले तेच राखेसारख्या चेहऱ्यानं.

"ती बोलत नाही माझ्याशी," ते म्हणाले.

झालं होतं असं. टाचणीचा जुना फोन काकूंनी जपून ठेवला होता. तो वाजत नसे, पण घरच्या इंटरनेटवर चाले. दुपारी काका ऑफिसात असताना काकू उजव्या हातानं तो उघडत आणि मुलीचं ते पान बघत. रोज. सहा वर्षं. नवऱ्याला कधी सांगितलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. आणि काका दरवर्षी त्याची मुदत वाढवत होते, ते त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. काकूंना वाटायचं, ते पान आपलं आपणच टिकून आहे. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी फोन उघडला तर तिथं परकी माणसं बसली होती.

मी रविवारी त्यांच्याकडे गेले. काकू खिडकीशी बसल्या होत्या, अंगात तसलाच एक सदरा, बटणं झिजलेली. मी छापलेला कागद टेबलावर होता, उताणा. काका चहा करायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

"काकू, ते वाईट हेतूनं नाही केलं काकांनी," मी म्हटलं.

"वाईट हेतूनं केलं असतं तर भांडले असते मी."

"कागद ठेवलाय ना मी काढून. हुबेहूब आहे."

काकूंनी कागदाकडे बघितलं. "कागदावर 'लवकरच' लिहून काय करू मी? तिथं ते खरं वाटायचं." मग म्हणाल्या, "एकदा विचारायचं होतं गं मला. हो म्हटलं असतं मी. पण विचारायचं होतं."

आतून काकांनी कप आपटल्याचा आवाज आला. त्यांनी ऐकलं होतं.

पुढचे दोन-तीन महिने त्या घरात कामापुरतं बोलणं होतं. औषध घेतलं का, दूध आलं का, एवढंच. काका ऑफिसात गिऱ्हाइकांशी पूर्वीसारखेच बोलत, पण पाट्यांचा तो विनोद त्यांनी सोडून दिला. कोणी नव्या माणसानं पान कोरं असूनही नाव का मिळत नाही म्हणून हुज्जत घातली, तर ते म्हणत, "कोणाचं तरी आहे ते," आणि पुढचं नाव विचारत.

मग काकूंनी एकदा मलाच फोन केला. म्हणाल्या, "त्या वॉर्डात मला घेऊन चल. ह्यांना सांगू नकोस." मी घेऊन गेले. व्यायामवाल्या बाई पुढे आल्या, हात जोडून काही बोलणार तेवढ्यात काकूंनी टेबलावरचा एक सदरा ओढून घेतला आणि एका हातानं उलटसुलट करून बघितला.

"टिचबटणं उलटी लावलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखीचा अंगठा वरून येतो. खालची बाजू घट्ट हवी, वरची हलकी. आणि शिलाई कच्ची आहे. दोन धुण्यांत उसवेल."

बाई म्हणाल्या, "दाखवा ना कशी."

काकूंनी दाखवली. तास-दीड तास दाखवत होत्या. भिंतीवरच्या नमुन्यांकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि खुर्ची फिरवून त्यांच्याकडे पाठ केली. घरी येताना गाडीत एकच वाक्य बोलल्या, "पुढच्या आठवड्यात डाव्या बाहीचे सदरे आधी काढून ठेवा म्हणावं."

आता त्या दर आठवड्याला जातात. काकांपासून ते लपून राहणं शक्यच नव्हतं. आता तेच ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन त्यांना नेतात, पण काकूंनी त्यांना सांगून ठेवलंय, आत यायचं नाही. ते बाहेर बाकावर बसतात. मी एकदा विचारलं, "काका, अजून आत बोलावत नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "पण परवा आतून हसल्याचा आवाज आला. तिचाच. आजारपणानंतर तिचं हसू जरा बदललंय, तोंडाच्या एका बाजूनं येतं, त्यामुळे लगेच ओळखू येतं. उठून दारापाशी जावंसं वाटलं होतं. मग म्हटलं, मला बघून थांबेल. बसून राहिलो."